गॉगलची खूण

अण्णा, बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचा एक खेळ असतो. पायांत जड बूट घालतात, बुटांना दोन लांब पट्ट्या अडकवतात आणि डोंगरावरून स्वतःला सोडून देतात. स्कीइंग म्हणतात त्याला. तुम्ही तो कधी पाहिला नाहीत. मीही नाही, मी राहते त्या सिंगापूरमध्ये बारा महिने घाम येतो आणि बर्फ फक्त उसाच्या रसात असतो. तरी गेले काही आठवडे मी या खेळावरून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. बसमध्ये, भाजी चिरताना, ऑफिसात स्क्रीनसमोर. समोरून उत्तर येत नाही, म्हणून ते भांडण संपतही नाही. आज लिहूनच काढते.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट कळलं नाही. "कॉम्प्युटरवर असते," असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. खरं म्हणजे मी तुमचंच काम करते. जाहिरातींसाठी काढलेले फोटो माझ्याकडे येतात आणि मी ते दुरुस्त करते. बसस्टँडसमोरच्या आपल्या स्टुडिओत तुमची तिरकी लाकडी पेटी होती, दुधी काचेमागे बल्ब होता, सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल होती. निगेटिव्हवर जिथे ती पेन्सिल फिरेल तिथे फोटोत चेहरा उजळायचा. माझ्याकडे दोन मोठे स्क्रीन आहेत, एवढाच फरक. इथले लोक डिसेंबरच्या सुट्टीत जपानला, कोरियाला स्की करायला जातात. त्यांना सामान विकणाऱ्या एका कंपनीची यंदाची जाहिरात आमच्याकडे आली.

पुरुषाचे फोटो खऱ्या डोंगरावर काढलेले होते. माणूस हवेत, पट्ट्या आडव्या, मागे बर्फाचा फवारा. जवळून काढलेल्या फोटोत त्याच्या दाढीत बर्फ गोठलेला, ओठ फुटलेला, नाकावरची कातडी सोललेली. कंपनीची सूचना होती की त्याच्या त्वचेला हात लावू नका. बाईचे फोटो मात्र सिंगापुरातच, एका इंडस्ट्रियल इमारतीतल्या आमच्या स्टुडिओत, कागदाच्या बर्फावर काढायचे होते. का, असं मी विचारलं तेव्हा आमची मॅनेजर म्हणाली की ॲक्शन पुरुषाच्या फोटोत आलेलीच आहे, बाईच्या फोटोत फील हवा. संदर्भासाठी त्यांनी जुन्या जाहिराती पाठवल्या होत्या. मी सगळ्या पाहिल्या, कारण रागावण्याआधी खात्री करून घ्यायची मला खोड आहे. बाई लाकडी घराच्या दारात कोको पिते आहे. बाई पट्ट्या खांद्यावर घेऊन मागे वळून हसते आहे. बाई बर्फात पोहायच्या कपड्यांत उभी आहे आणि पायांत स्कीचे बूट आहेत, बक्कलं उघडी. एकाही चित्रात ती उतारावर नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. दोन चित्रांत आहे. एकात खूप लांबून, ठिपक्याएवढी. दुसऱ्यात एका पुरुषाच्या मागे. पुरुषांच्या स्कीखाली ताबा, वेग, धार असे शब्द होते. बायकांच्या स्की हलक्या, सोप्या आणि चुका पोटात घालणाऱ्या. तिनं अजून एकही चूक केलेली नाही, ती दारात कोको पिते आहे, आणि तिच्या चुका पोटात घालायला ही मंडळी तयार.

जिचे फोटो काढायचे होते ती मॉडेल नव्हती. जपानी, माझ्याच वयाची, नव्या स्की बाजारात येण्याआधी उतारावर वापरून बघणारी आणि एरवी स्की शिकवणारी. न्यूझीलंडला मोसमभर शिकवून ती थेट आमच्याकडे आली होती. सतत गॉगल लावून बर्फावर उभी राहिल्यानं तिचे गाल, नाक, हनुवटी रापून तांबूस काळी झाली होती आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा गोरा पट्टा तेवढा उरला होता. दारात तिला पाहून मला हसू आलं, तिलाही आलं. दिवसभर ती जाड जाकीट घालून दिव्यांखाली उभी होती. एसी कितीही वाढवला तरी पाठीवरून घाम वाहत होता आणि कागदाचा बर्फ तिच्या ओठांना चिकटत होता. प्रत्येक ब्रेकनंतर ती वाकून बुटांची बक्कलं लावायची, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन ती परत उघडायचं, कारण उघडी असली की पाय नाजूक दिसतो. चौथ्या की पाचव्या वेळी ती म्हणाली की अशा बुटांनी मी फक्त पडू शकते. सगळे हसले. तिनं काही विनोद केला नव्हता.

संध्याकाळी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तिचाच चेहरा होता.

"हे तुम्ही पुसणार?" तिनं डोळ्यांभोवती बोट फिरवत विचारलं.

मी म्हटलं, अजून सूचना आलेल्या नाहीत.

"राहू द्या ना. आमच्यात या खुणेवरून कळतं, कोण मोसमभर काम करून आलंय. पुसलंत तर माझे विद्यार्थी मला ओळखणार नाहीत."

मी म्हटलं, "राहील."

सूचना दुसऱ्या दिवशी आल्या. गॉगलची खूण काढा. मांड्या सडपातळ करा. हात मऊ करा. चेहरा ताजा करा. ताजा म्हणजे काय, हे आपल्या घरात सांगायला नको. खूण घालवायचीच तर डोळ्यांभोवतीचा भाग गालांइतका सावळा करूनही ती गेली असती. मी तसं सुचवलं, निदान तिचा रंग तिचा राहील म्हणून. मॅनेजर इथलीच, चिनी, स्वभावानं चांगली बाई आहे. ती इथल्या रीतीनं वाक्याला शेवटी 'लाह' जोडत, समजावणीच्या सुरात म्हणाली, "लोकांना जे व्हावंसं वाटतं ते दाखवायचं असतं, लाह." मी म्हटलं, लोकांना स्की करता यावं असंही वाटत असेल. "यू आर फनी," असं म्हणून ती हसत निघून गेली. मी त्या मांड्यांकडे बघत बसले. डोंगर उतरून झालेल्या मांड्या. त्या कापायच्या, आणि मग त्याच बाईला आमच्या स्की विकायच्या.

तेव्हा मला तुमची आठवण आली, अण्णा, आणि ती प्रेमानं आली नाही.

मी नववीत आहे. जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धेत आमची शाळा जिंकली आहे. खांबाजवळ सूर मारताना माझी हनुवटी फुटली, आणि त्याच सुरात त्यांची शेवटची खेळाडू बाद झाली. मुलांचा संघही जिंकला आहे. दुसऱ्या दिवशी पेपरसाठी दोन्ही संघांचे फोटो आपल्याच स्टुडिओत काढले. मुलांच्या गुडघ्यांवर माती, एकाच्या कपाळावर टेंगूळ. माझ्या हनुवटीवर खपली. रविवारी पेपर आला. मुलांच्या गुडघ्यांवरची माती जागच्या जागी होती. माझी हनुवटी गुळगुळीत होती आणि उन्हानं करपलेला चेहरा चांगला उजळलेला. ढाल माझ्याच हातात होती, पण ती धरून दुसरीच कुणीतरी मुलगी उभी होती. नटून बक्षीस द्यायला आलेली असावी तशी. मी पेपर घेऊन तुमच्या पेटीजवळ आले.

"अण्णा, माझी जखम कुठे गेली?"

तुम्ही पेन्सिलीला टोक काढत होतात. मान वर केली नाहीत. "मुलीचा फोटो आहे. पुढे उपयोगी पडेल."

"मग मुलांचा?"

"त्यांना कोण बघायला येणारे?"

झालं. तुमच्या लेखी विषय संपला. पुढे दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि ते तुमच्या लक्षात आलं की नाही हे मला आजही माहीत नाही. आईनं तो पेपर जपून ठेवला. खपली पडली, खाली वण राहिला, तो अजून आहे. आरशात दिसतो, फोटोत नाही.

तुमची बाजू मला माहीत आहे. मी ती तुमच्यापेक्षा जास्त वेळा मांडली असेल. सावळ्या मुलींचे बाप तुमच्याकडे हात जोडून यायचे. फोटोवरूनच नकार यायचा, मुलगी बोलते कशी, शिकलीय किती, हे कुणी विचारायच्या आधी. तुमच्या पेन्सिलीमुळे निदान माणसं घरापर्यंत यायची. खरं आहे. पण पुढचंही खरं आहे. एकदा एका मुलीची आई फोटो घेऊन परत आली होती. पाहुणे आले, मुलीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि पोहे अर्धे टाकून उठून गेले. मुलगी आईच्या मागे उभी होती, चपलेच्या अंगठ्याकडे बघत. आई म्हणाली, "आता हिचा खरा काढून द्या. जे असेल ते." तुम्ही तिला बसवलंत, खरा काढलात. आणि रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा पेटीवर वाकलात. मी म्हटलं, त्या बाईंनी नको सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "थोडंसंच. हात राहत नाही."

तुम्हाला त्याचं वाईट वाटत असणार, असं मी फार वर्षं धरून चालले. तसं कधी दिसलं मात्र नाही. एका तरी मुलाच्या फोटोला ती पेन्सिल लावली असतीत तर मी म्हटलं असतं की हा धंदा आहे, सगळ्यांना सारखा. मुलांच्या देवीच्या व्रणांनाही तुम्ही हात लावला नाहीत. डोंगरावरच्या त्या माणसाचं सोललेलं नाक पाहताना मला तेच सगळे मुलगे दिसत होते.

आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला शेजारी बसवून तुमची दुसरी पेन्सिल दिलीत, बक्षीस म्हणून. टोक कसं काढायचं ते दाखवलंत. म्हणालात, नाकाच्या कडेची आणि जबड्याखालची सावली सोडायची, ती घालवली की चेहरा पिठाचा होतो. म्हणालात, बघणाऱ्याला कळता कामा नये की इथे कुणी येऊन गेलंय. मी शिकले. रागातच, पण मन लावून शिकले. मला ते आवडलं होतं, हे मी त्या वेळी कबूल केलं नसतं.

तर मी मॅनेजरला सांगितलं की हे मी करणार नाही. आदल्या दिवशी बराच विचार केला होता. माझा इथला कामाचा परवाना, म्हणजे पास, या नोकरीवर आहे, पासावर आमचं इथलं राहणं, लेकीची शाळा. शिवाय मला उतारावर दोन पावलं टाकता येत नाहीत, तर त्या बाईच्या वतीनं बोलणारी मी कोण, हाही प्रश्न होताच. पण मी शब्द दिला होता. मॅनेजर म्हणाली, "ओके, नेव्हर माइंड," आणि ती फाइल शेजारच्या टेबलावर दिली. तिथला सहकारी रोज मलेशियातून पूल ओलांडून येतो; शांत माणूस, कुणाशी वाद नाही. माझ्या नकारानं कुणाचा दहा मिनिटांचा खोळंबाही झाला नाही. मला ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी कुणाकुणावर चिडले होते ते सांगत नाही, यादीत तुम्ही पहिले होतात.

गेल्या रविवारी लेकीबरोबर लिटिल इंडियात गेले होते. कढीपत्ता, कांदे, तुमच्या आवडीचं शेवयांचं पुडकं. परत येताना क्लेमेंटी स्टेशनला मेट्रोतून उतरलो आणि समोर ती. भिंतभर. हेल्मेट काखेत, केस मोकळे, बक्कलं उघडी, चेहरा दुधासारखा. लेक पंधराची आहे. शाळेच्या नेटबॉलच्या संघात असते, उन्हानं काळी होते आणि हल्ली बाहेर पडताना हातांना काय काय चोपडते. ती थांबली. "सो प्रिटी," म्हणाली. मग मान वाकडी करून बुटांकडे पाहत, "बट शी कॅन स्की ऑर नॉट?" लगेच माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "आई, ही खरंच खेळते का? का नुसती मॉडेल?"

मी म्हटलं, "खेळते. खूप छान खेळते."

"मग तसं दिसत का नाही?" असं म्हणून ती पिशवी घेऊन एस्कलेटरकडे गेली.

अण्णा, इथवर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक राहिलं. शेजारच्या सहकाऱ्याला ते काम जमलं नव्हतं. त्यानं गाल सरसकट उजळले, मान तशीच राहिली. पिठाचा मुखवटा बसवल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. त्यानं मला बोलावलं आणि विचारलं, कुठे चुकतंय. मी म्हटलं, सरक. तिला दिलेला शब्द मला चांगला आठवत होता. पण तो चेहरा मला तसा बघवेना. मी नाकाच्या कडेची सावली परत आणली, जबड्याखालची आणली, मानेचा सांधा मिटवला. थोडंसंच.

लेक वर पोचल्यावर हाका मारत होती, तरी मी त्या भिंतीजवळ गेले. अगदी जवळ, नाक लागेल इतकी. कुणी येऊन गेल्याची कुठेही खूण नव्हती. मला बरं वाटलं.