नर्सबाईंची सहाबारी

१४ फेब्रुवारी १९३७, लोणावळा
कस्तुराबाई गेली! कामशेतला गाडीतून उतरून वडिवळ्याच्या वाटेला लागले तेव्हा लख्ख ऊन होतं. मागून कुणीतरी धावत आलं, मला ओघळीत ढकललं, औषधांची बॅग हिसकावून पळालं. तोंडही दिसलं नाही. लंगडत पोचले तर कस्तुराबाई बाळंत होऊन थंड पडत चाललेली. रक्त थांबवायचं औषध बॅगेत होतं — आणि बॅग त्याच्याकडे.

१६ फेब्रुवारी
राजमहंमदभाई म्हणतो, "रोशन, खेड्यांच्या फेऱ्या बंद कर. दवाखान्यातच काम कर." भावाची काळजी कळते. पण मी नाही गेले तर त्या बायकांकडे कोण जाणार?
पिस्तूल घ्यावं असं मनात आलं. हसले. मग हसू थांबलं.

२ मार्च
वडगावला पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज दिला. फौजदार म्हणाले, "मालकांसाठी का?" म्हटलं, मालक वारले. माझ्यासाठीच.

२० ऑक्टोबर
परवाना आला! सात महिने लागले.

२९ ऑक्टोबर
पुण्याला जाऊन आले, लष्कर भागातल्या बंदुकांच्या दुकानात. सोबत भिमाजी आबा — आमच्या दवाखान्याचे पहारेकरी, पण मेसोपोटेमियाची लढाई पाहिलेले हवालदार. दुकानदारानं आधी शिंपल्याच्या मुठीचं इवलंसं पिस्तूल काढलं. "बायकांना हेच आवडतं." माझ्या दोन बोटांतच मूठ संपली! दुसरं जड, काडतुसं मुठीतून भरायची. वरचा भाग मागे ओढायला माझा जोर पुरेना.
आबांना म्हटलं, भरलंय की रिकामं, हे मला एका नजरेत कळलं पाहिजे.
"मंग सहाबारीच घ्या, नर्सबाई. चाक उघाडलं की समदं डोळ्यांम्होरं. साफ करायलाबी सोपी."
साधी काळी सहाबारी, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, घेतली. मूठ हातात इतकी बरोबर बसली की मीच दचकले.

११ नोव्हेंबर
फौजदारांना विचारून तुंगार्लीमागच्या जुन्या खाणीत गेलो. आबा सारखे बजावत होते, "बोट चापाच्या भाईर! मारायचं पक्कं ठरलं, तरच आत." पहिली गोळी कुठं गेली, अल्ला जाणे. हात खांद्यापर्यंत झिणझिणला. सहावी निशाण म्हणून ठेवलेल्या डब्याला लागली. आनंद झाला — आणि एवढा झाला याची लाज वाटली. याच हातांनी मी बाळं झेलते.
आबांना विचारलं, लढाईत माणूस मारलात तेव्हा काय वाटलं? रिकाम्या पुंगळ्या वेचत ते म्हणाले,
"तवा कायबी न्हाई. घरी आल्यावर वाटलं. अजून वाटतंय."

३ डिसेंबर
सहातल्या पाच लागतात. वाटेनं चालताना मागे वळून बघायची सवय सुटली. भाईलाही जरा बरं वाटतंय.

९ जानेवारी १९३८

देवीच्या टोचणीसाठी वडिवळ्याला निघाले होते. मागून धावती पावलं. "थांब!" म्हणून ओरडले, सहाबारी रोखली. तो थांबेना. धापा टाकत, हात पुढं करून येतच राहिला. मी चाप ओढला. गोळी दंडाला लागली. मटकन खाली बसला.
"नर्सबाई... मी गेणू, वरल्या वाडीचा. तुमी आल्याचं ठेसनावर कळलं. बायकू अडलीय. तुमास्नी न्यायला आलतो."
तिथंच वाटेवर बसून जखम धुतली, बांधली. गोळी आरपार गेली होती, हाड वाचलं. उठला, म्हणाला, "चला बिगीनं." तो पुढं, मी मागं — अशी त्याच्याच घरी गेले.

१० जानेवारी
मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप.
गेणू म्हणतो, "फौजदाराला सांगू नगा, बाई. पडलो म्हनून सांगीन म्या."
वडगावला, फौजदारांकडे निघाले आहे.