आबांच्या बंदुकीच्या मापाचे पेले

मी, लवू धोंडू मांडवकर, वय सत्तावन्न, धंदा लेथ मशीनवरचं काम, मूळ राहणार खालची वाडी, तालुका लांजा, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार अर्दिया, कुवेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, लालूच दिलेली नाही, आणि मी प्यायलेलोही नाही, इथे ती सोय नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं कारण नाही. मी घाबरलेलो नाही, चिडलेलो आहे. चिडलेल्या माणसाने लिहिलेलं कायद्याला चालतं, हे मी आधीच विचारून घेतलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. बँकेतली शिल्लक आणि नोकरीअखेर कंपनीकडून जे येईल ते माझी पत्नी रत्नमाला हिला मिळावं. राग तिच्यावरही आहे, तो खाली लिहिला आहे. पण इतकी वर्षं घर तिने एकटीने ओढलं, हेही खरं आहे.

दोन. घरातला आणि काजूच्या बागेतला माझा अर्धा हिस्सा मुलगी रुपाली हिला द्यावा. माझी मापं घ्यायची हत्यारं, मायक्रोमीटर आणि कॅलिपर, तीही तिलाच. खोटं न बोलणारी एखादी तरी वस्तू त्या घरात असावी.

तीन. आता बंदूक. बागेत डुकरं येतात म्हणून आमच्या वडिलांकडे, आबांकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. गावातल्या बाकीच्या नळ्या आतून गुळगुळीत. आमच्या नळीत वळणदार खाचा होत्या, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जायची. आबा गेल्यावर परवाना धाकटा भाऊ प्रीतम याच्या नावावर झाला, कारण तो शेतावर आणि मी इथे. आबांच्या बाराव्याला ठरलं होतं की परवाना त्याचा, बंदूक दोघांची. हे प्रीतम स्वतःहून म्हणाला होता, मी मागितलं नव्हतं.

डुक्कर छर्ऱ्यांनी पडत नाही, नुसतं जखमी होऊन कोणाच्या तरी अंगावर जातं. म्हणून यंदाच्या आधीच्या सुट्टीत मी नळीचं माप घेतलं. भरली अर्धा इंच, दुकानात जिला पन्नासची म्हणतात ती. मग शुवैखच्या वर्कशॉपमध्ये काम सुटल्यावर, मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, विचारून, उरलेल्या नायलॉनच्या तुकड्यांतून पेले कातायला घेतले. गोळी नळीपेक्षा बारीक घ्यायची आणि पेल्यात बसवायची. पेला नळीतल्या खाचा पकडतो, गोळीला फिरवतो आणि बाहेर पडल्यावर त्याच्या पाकळ्या उघडून गळून पडतो. गोळ्या परवान्यावर प्रीतमने तिकडे घ्यायच्या, पेले मी इथून न्यायचे, अशी आमची वाटणी. शेजारच्या मशीनवरचा अशरफ, आमच्याच रत्नागिरीचा, बघून हसायचा. म्हणायचा, "लवू, पोरीचं दागिनं पन कोन येवडं घासून करीत नाय रे!" मला त्यात बरं वाटायचं. खोलीवर परतताना वाटायचं, आज घरचं काम केलं.

यंदा मे महिन्यात सुट्टीवर गेलो. पिशवी सोडली, भिंतीवरची बंदूक खाली घेतली आणि पेला नळीच्या तोंडाशी धरला. जाईना. दुसरा घेतला, तोही जाईना. आधी वाटलं, माझंच कातकाम चुकलं. मग कॅलिपर लावला. नळी पंचेचाळीसची निघाली. खांद्याचा पट्टा आबांचा होता, बंदूक आबांची नव्हती.

प्रीतमने आबांची बंदूक दुकानदारामार्फत कोणा हौशी माणसाला देऊन नवी, हलकी आणली होती. आणि जुनीचा पट्टा काढून नवीला चढवला होता, फोनवर मला फरक कळू नये म्हणून. मी विचारलं तेव्हा त्याने मानही खाली घातली नाही. म्हणाला, "दादा, तू थितं, बंदूक हितं. डुक्कर काय तुझ्या सुट्टीची वाट बघत ऱ्हानार व्हता?" रत्नमाला म्हणाली, "तुम्ही तिकडे एकटे. तळमळत बसला असता. म्हणून म्हटलं, राहू दे." रुपाली म्हणाली, "बाबा, सगळ्यांना माहीत होतं." ती मला धीर द्यायला बोलली असावी.

दर दसऱ्याला रत्नमाला फोन त्या भिंतीसमोर धरायची, झेंडूची माळ नीट दिसेल असा. मी अर्दियाच्या खोलीत चप्पल काढून हात जोडून उभा राहायचो. बाकीचे खोलीवाले माझ्यासाठी टीव्ही बंद करायचे. आणि गेल्या दसऱ्याला माझं सगळं घर फोनच्या पलीकडे उभं राहून, मला परक्या बंदुकीच्या पाया पडताना बघत होतं. बंदूक गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. हे मला गिळता येत नाही.

चार. पेले पिशवीभर आहेत. ते प्रीतमच्या हाती लागू देऊ नयेत. यात राग कमी, काळजी जास्त आहे. पन्नासच्या नळीला पेल्यातून पंचेचाळीसची गोळी, हे माझं माप होतं. नव्या पंचेचाळीसच्या नळीला पेल्यातून चाळीसची लागते. प्रीतमचा उतावळेपणा मी लहानपणापासून बघतो आहे. पेला जात नाही म्हटल्यावर तो पेला फेकून देईल आणि जुन्या बंदुकीसाठी घेतलेली, घरात उरलेली पंचेचाळीसची गोळी तशीच गजाने ठोकून बसवेल. ती मध्येच अडकली आणि त्याने चाप ओढला, तर नळी त्याच्या तोंडासमोर फुटेल. तेव्हा आधी नळी मोजावी, मग कुठलं जनावर ते बघावं, त्यावरून गोळी आणि गोळीला साजेसा पेला घ्यावा. दुकानदार खपवेल ते घेऊ नये. पेला सलग दाबाने खाली गेला पाहिजे, ठोकावा लागला तर माप चुकलं. हे कलम रुपालीने त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं. त्याने माझा विश्वास तोडला म्हणून त्याची बोटं तुटावीत, असं मला वाटत नाही.

पाच. इथेच मरण आलं तर देह गावी न्यावा. अग्नी रुपालीने द्यावा. प्रीतमने विमानतळावर येऊ नये आणि खांदा देऊ नये. वाडीत लोक विचारतील, त्यांना खरं कारण सांगावं. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पुरवणी. आज शुक्रवार, सुट्टी. साक्षीदार म्हणून अशरफला आणि त्याच्या ओळखीच्या साबीरला बोलावलं आणि वरचा मजकूर वाचून दाखवला. अशरफने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "ऑपरेशनचा घरी सांगितलास?"

मी म्हणालो, "नाही. त्यांना कशाला उगाच त्रास."

त्याने पेन खाली ठेवलं. "मंग मी सही नाय करायचो. आदी फोन लाव."

"माझी गोष्ट वेगळी आहे, अशरफ."

"असंल. फोन लाव."

लावला. रत्नमालाने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "गणपतीत फोनवर आमच्याबरोबर आरती म्हणत होतात, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "होतं."

"मग तेव्हा आम्ही कोणाला बघत होतो हो?"

तिचा प्रश्न आहे तसा इथे उतरवला आहे. वरचं एकही अक्षर मी बदललेलं नाही. अशरफने सही केली, त्याच्यामागून साबीरने.

लिहून देणार : लवू धोंडू मांडवकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष लवूने सही केली आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली :
१. अशरफ हुसेन मुकादम, शुवैख (सही)
२. साबीर इब्राहिम होडेकर, फहाहील (सही)

ठिकाण : अर्दिया, कुवेत
तारीख : १९ सप्टेंबर २०२५