यांचं अठ्ठावन्न किलो वजन

कोपरी, मंगळवार, १२ जुलै १९९४

डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी काढल्यावर आज यांचं वजन अठ्ठावन्न भरलं. मी उगाच खूश झाले. वीस वर्षं यांच्या पोटावरून मीच बोलत आलेय ना.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, या आजारात अंगावर मांस असलेलं बरं. रोज अंडी द्या यांना."

किती वर्षं यांच्या ताटातला भात कमी केला मी. चुकलंच का माझं?

संध्याकाळी दोन अंडी उकडून दिली. तोंड कडू झालंय, तरी हे हळूहळू खात राहिले. म्हणाले, "'पुरे आता' म्हणायचं विसरलीस वाटतं?"

मी अंड्यांची टरफलं गोळा करायला लागले. मग यांनीच रिकामी बशी पुढे केली. "अजून एक आहे?"

भूक नव्हती यांना, मला कळत होतं. मी उठून पाणी उकळायला ठेवलं.