दिदीच्या दारचा पत्ता

पोखरा,
दसैंचा सण उरकल्यानंतरचा बुधवार

आदरणीय आमाजू,

तुमच्या भावजयीचा, सबिताचा नमस्कार. आम्ही इथे सुखरूप आहोत, टेक्सासात तुम्हीही असाल. तुमचे भाऊ समोर बसून सांगताहेत आणि मी लिहितेय. तुम्ही यांचा फोनच घेत नाही, मग करणार काय? शेजारच्या भट्टचनांची सून तिकडे निघालीय, तिच्या हाती हे पत्र देतेय.

यांना पापुआत नोकरी मिळतेय. विमानाने बेटाबेटांवर सामान पोचवायचं. विमान अमेरिकेत नोंदलेलं, म्हणून लायसन्सही तिथलंच लागतं. तुमच्या लग्नाआधी तुमच्याकडे राहून काढलं होतं, तेच. आता तिथल्या सरकारचा नियम आलाय. परदेशात राहणाऱ्या पायलटने अमेरिकेतल्या कुणाचं तरी नाव आणि पत्ता द्यायचा. सरकारी टपाल त्या माणसाकडे येणार, आणि त्याच्या दारात पडलं म्हणजे पायलटच्या हातात पडलं असंच धरणार. नाव दिलं नाही तर लायसन्स असून नसल्यासारखं. पैसे घेऊन पत्ता देणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे. पण हे म्हणतात, "परका माणूस पत्र कुठेतरी टाकून देईल. दिदी शिव्या घालेल, पण टपाल पोचवेल." तेव्हा तुमची संमती कळवा. तब्येत उत्तम आहे, असंही लिही म्हणाले. लिहिलं.

आता हे विमानतळावर गेलेत. पुढचं माझं आहे.

तब्येत उत्तम नाही, आमाजू. पावसाळा सरताना जोमसोमहून यांच्याच विमानाने येत होतो, मी यांच्या मागच्याच सीटवर. दोन्ही बाजूंनी डोंगर, आणि यांची मान एकदम खाली पडली. हात सुटले. शेजारच्या पायलटने विमान सावरलं म्हणून आम्ही सगळे आहोत. उतरल्यावर हे त्याला हसत म्हणाले, "डुलकी लागली रे. बभ्रा करू नकोस."

डुलकी! मी काय दूधखुळी आहे? परवा जेवता जेवता ढिंडोच्या ताटावरच कोसळले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर आले. "डॉक्टर लायसन्स घालवेल. तू कुणाजवळ तोंड उघडलंस तर या घरात राहायचं नाही."

पापुआत शेजारी कुणी नसतं. एकट्यानेच उडवायचं.

आधी वाटलं, तुम्हाला सांगावं, सरळ नाही म्हणा. पण मग हे पैसे टाकून परका शोधतीलच. म्हणून हो म्हणा, पण अट घाला. काठमांडूच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासायचं, आणि त्या डॉक्टरांनी स्वतः तुम्हाला फोन करायचा. त्यांनी उडू नको म्हटलं तर तुमचा पत्ता नाही. माझं नाव काढू नका. दिदीला कारण द्यावं लागत नाही.

कशाला करू, असं तुम्ही म्हणाल. तुमचा राग खोटा नाही. तुम्ही परजातीत लग्न केलंत आणि यांनी तुमच्या हातचा भाइटीका, बहिणीचा टिळा, नाकारला. पण तेव्हापासून दर तिहारला, दिवाळीतल्या त्या दिवशी, हे सकाळीच अंघोळ करून कोऱ्या कपाळाने बसून राहतात. चुलतबहिणी आल्या तर "डोकं दुखतंय, जा" म्हणतात. तुमच्याशिवाय कुणाला लावू देत नाहीत. मला हसूही येतं आणि रडूही.

भावाभोवती तेलाची धार धरायची, उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा, म्हणजे यम आत येत नाही. मी ते करू शकत नाही, आमाजू. मी बायको. ते बहिणीचंच काम. यंदा तुमच्या उंबऱ्यावर यांचं काम अडलंय. तिथेच अडवा. राग हवा तेवढा धरा, पण भाऊ राहू द्या.

आपल्या मार्फा गावातल्या झाडाचा एक अक्रोड सोबत पाठवतेय. हे विचारत होते, पुडीत काय आहे? मी म्हटलं, दिदीला आवडतो.

कपाळीचा सिंदूर तुमच्या हाती ठेवून,
तुमची सबिता