खोली नंबर नऊचं टपाल

२८ जून १९८६

आत्मारामचं पत्र आलं. नेहमीसारखं शाळेच्या पत्त्यावर. चार पानं! बँकेत बसून लिहिलंय, कामं करायला नकोत.

आपल्या लोकांचं एक पत्रक काढायचं म्हणतो. आपल्या म्हणजे ज्या पुरुषांचा जीव पुरुषावरच जडतो त्यांचं. इथे तरी स्पष्ट लिहायला हरकत नाही, ह्या वहीला कोण हात लावतंय? घरात थोरली बहीण गोदाताई तेवढी, तिला वाचता येत नाही.

मजकूर तयार, सायक्लोस्टाइलवाला तयार. अडलंय एका ठिकाणी. वाचून कुणाला लिहावंसं वाटलं तर लिहायचं कुठे? पत्ता द्यायला एकही जण पुढे येत नाही. एकाची बायको, एकाची आई, एकाचा घरमालक. "तू बरा, कोकणात जाऊन सुटलास." सुटलो! पालीच्या हायस्कुलात हजेरीपट जुळवत बसलोय, ह्याला सुटणं म्हणतात.

१ जुलै

दिला पत्ता. गावाच्या खोलीचा.

लालबागच्या चाळीत गावाने मिळून घेतलेली खोली. अठरा घरांचे अठरा बाप्ये, पाळ्या लावून झोपायचं. चौदा वर्षं मीही तिथेच होतो, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. तिथे माझ्या नावचं पत्र आलं तर कुणाला काय खटकणार? खोली सांभाळतो सखाराम. त्याला कार्ड टाकलं — माझ्या नावची पत्रं येतील, छपाईचं काम आहे, आत्माराम नावाचा मित्र रविवारी येऊन नेईल.

कार्ड टाकलं, घरी आलो, पेज जेवलो. विशेष काही वाटलं नाही.

६ जुलै

आत्मारामला आणखी एक खूळ. आपण कुठे कुठे जमलो ते लिहून ठेव म्हणतो, "पुढच्यांना कळायला हवं." पुढचे कोण, देव जाणे. लिहितो.

एक — समुद्राकडच्या बागेतला बाक. तिसऱ्याच शनिवारी हवालदाराने दंडुक्याने उठवलं. दोन — इराण्याची फॅमिली रूम. चौघं पुरुष पडद्याआड बसलेले पाहून वेटर हसायचा, पण चहा गरम द्यायचा. तीन — आमचा छापखाना. जेवणाच्या सुट्टीत मी पहिली चिठ्ठी जुळवली: "आपण एकटे नाही. येत्या रविवारी या." चाळीस प्रती काढल्या आणि जुळणी लगेच मोडली.

चार — खोली नंबर नऊ. गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावी पळायचे. मी म्हणायचो, तुम्ही जा, खोली मी राखतो. आठ दिवस खोली आमची! अठ्ठ्याहत्तर साली तर पंधराजण जमलो. कुणी गायलं, कुणी नुसता रडला. पोलिसाने पकडलं तर काय बोलायचं हे तिथेच ठरलं. त्या वर्षी सखाराम दोन दिवस आधीच परतला. दार उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं, "पानी भरलाव?" एवढंच विचारलं आणि पिशवी ठेवून बाहेर जिन्यावर जाऊन बसला. पुढे कधी विषय नाही.

१५ जुलै

लावणी चालू. कंबर गेली. गोदाताई म्हणते, "बायको आस्ती तर शेकून दिली आस्ती." तिचं हे दर पावसाळ्याचं आहे.

२३ जुलै

पत्रकाची प्रत आली. शाई फुटलीय, समासाचा पत्ता नाही, काय हे काम! खाली मात्र ठसठशीत — हरिश्चंद्र, खोली नंबर नऊ. दुसऱ्याची नावं जन्मभर जुळवली, स्वतःचं छापलेलं हे पहिलंच. तीनदा वाचलं. मग भाताच्या कणगीमागे ठेवलं.

९ ऑगस्ट

आत्मारामचं कार्ड. सखाराम एकही पत्र देत नाही! "गावचं टपाल परक्याच्या हातात नाय देनार. ज्याचं त्याला गनपतीत नेऊन देईन." आत्माराम तीन रविवार जाऊन आला. पत्रं मात्र येताहेत, ढीग झालाय म्हणे.

बरं, गणपतीत तर गणपतीत. घाई काय आहे?

१० ऑगस्ट

अरे देवा!

सकाळी गोठ्यात असताना आठवलं. खोलीचा नियम! भिवाची आई वारली तेव्हा पत्र आठ दिवस डब्यावर तसंच पडलं होतं. त्याला कळेपर्यंत दहावं उरकलं. तेव्हा सगळ्यांनी मिळून नियम केला — कुणाच्याही नावचं टपाल आलं की त्याच दिवशी फोडायचं, वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचायचं. माणूस गिरणीत पाळीवर असला तर निरोप धाडायचा. पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. अक्षर कुणाचं? माझं!

अठराजणांपुढे ती पत्रं वाचली जात असतील. वाचता वाचता कोण थांबला असेल? कोण हसला असेल? आणि ज्यांनी लिहिली त्यांनी माझं नाव पाहून लिहिली. बिचारे.

११ ऑगस्ट

सखारामला "पत्रं फोडू नको" असं लिहायला बसलो. अर्ध्यात पेन ठेवलं. हे पत्रसुद्धा फोडून मोठ्यानेच वाचणार ना!

मुंबईला जायला रजा मागितली. हेडमास्तर म्हणाले, "चाचणी परीक्षा कोण बघणार?" संपला विषय.

२ सप्टेंबर

भीती वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

४ सप्टेंबर

चाकरमानी यायला लागले. आज तिघं उतरले. "काय हरी, बरा हायस ना?" नेहमीचंच बोलतात. मी मात्र तोंडं बघत बसलोय. हा हसला तो कशाला? तो गप्प का?

५ सप्टेंबर

मंडळाचे अध्यक्ष महिपतदादा वाटेत भेटले. "हरी, सांजच्याला देवळात ये. तुज्याबद्दल बोलायचं ठरलंय." झालं! गोदाताईबद्दल काय सांगायचं ते घोकत गेलो. तिला घरात ठेवा, माझं काय ते बघून घेईन, असं बोलायचं ठरवलं होतं.

देवळात पंधरा-वीस माणसं. दादा उभे राहिले. "आपुन सगळे गनपतीला घरी येत व्हतो. ह्यो एकटा गावाची खोली राखत ऱ्हायला. सनासुदीला घरची भाकर नाय. येवढा त्याग कोन करतो? यंदा पयली आरती हरीची."

टाळ्या! मी मान खाली घातली. ते लोक भलतेच खूश झाले, केवढा हा विनय म्हणून. लाज वाटली, खरंच लाज वाटली. खोटं बोलून एवढा मान कुणाला मिळाला नसेल.

म्हणजे ह्यांना माहीत नाही. मग पत्रं?

८ सप्टेंबर

सखाराम परवाच आला, पण आज घरी आला. गोदाताई पाण्याला गेल्याचं बघून. धोतरात बांधलेलं गाठोडं पुढे ठेवलं. एकतीस पत्रं. एक फोडलेलं, तीस बंद.

"टपाल दुपारचं येतं. तवा खोलीत मी एकटाच आसतो. पयलं आलं ते खालच्या शिंप्याकडनं वाचून घेतलं. त्यो अर्ध्यात थांबला, म्हनला काका, नको. मी म्हनलं वाच. सगळं आयकलं, त्या छापलेल्या कागदाचंबी. मग बाकीची नाय फोडली. तांदळाच्या डब्यात घातली."

"आणि नियम?"

"नियम मेलेल्या मानसासाठी. ही जिती हायत."

मी विचारलं, मग आत्मारामला का नाही दिलीस? म्हणाला, "त्यो कोन मला म्हाईत नाय. नाव तुजं व्हतं."

चहा पिऊन गेला. मी ओटीवर बसून रडलो. एवढं मोठ्याने की कुत्रं येऊन बघून गेलं.

९ सप्टेंबर

सगळी वाचली. दापोलीचं एक, सोलापूरची दोन, बाकी मुंबईची. एकाने फक्त लिहिलंय, "पत्र मिळालं तर कळवा." गठ्ठा आत्मारामला रजिस्टर करायचा. ह्या एकाला मात्र उत्तर मीच लिहिलं.

१३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. उद्या सखाराम मुंबईला निघेल. आत्ता आला, म्हणाला, कागद घे. गावातल्या सगळ्यांची पत्रं मीच लिहितो, घेतला. "कुणाला?" "त्या छापलेल्या कागदावर पत्ता हाय ना, तिथं." म्हणजे खोली नंबर नऊ, माझ्या नावे. मी म्हटलं, अरे, मी इथे समोर बसलोय, सांग की. "नाय. पत्रच लिही. पालीला पेटीत टाक, टपालानं येऊ दे." मग भिंतीकडे तोंड करून सांगायला लागला — "लिही. मी सखाराम. वय एकसष्ट. आजपावत कुनाला बोललो नाय."