सील कुठे जमतात

मंगळवार, १२ जानेवारी २०१६. बेडोक, सिंगापूर.

इराचा शाळेचा प्रोजेक्ट: हिवाळ्यात सील कुठे जमतात? मी घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये हेडफोन जरा सरकवून सांगितलं, "जिथे थंडी कमी तिथे." लेक म्हणाली, "नो लाह, बाबा! थंडीचं त्यांना काही नाही. जिथे फिश, तिथे सील."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. गेला महिनाभर इरा रोज संध्याकाळी शेजारच्या लिम आंटींकडे असते. मला वाटायचं, त्यांच्या हॉलमध्ये एसी आहे म्हणून. शनिवारी आपल्याही हॉलमध्ये बसवून घेतला. तरी आज प्रोजेक्ट संपवून गेलीच! बोलवायला गेलो तर दोघी शेजारी बसून नूडल्स खात होत्या. इरा तोंडात घास घेऊन शाळेतलं काहीतरी सांगत होती, आणि आंटी ऐकत होत्या. एवढंच.

आपल्याकडे काय कमी आहे? इराच्या आईला, नीताला, तुआसच्या ऑफिसातून यायला आठ वाजतात, पण वरण-भात, भाजी, सगळं मी वेळेवर करतो. ताट झाकून ठेवतो. आणि हेडफोन लावून बसतो.

एसी कसला बसवला मी!

उद्या हेडफोन बॅगेतच राहू दे. सातला दोन ताटं वाढायची. पण ती येईल ना? एकदा गेलेले सील परत येतात का, ते विचारायचं राहिलंच.