लाइन सोडली म्हणून

३ एप्रिल, गुरुवार

कालपासून खाणीच्या गेटाअलीकडं लाइनीत उभा. माल भराची पाळी कधी येईन, कोणी सांगत नाई. केबिन भट्टीवानी. त्यात कंपनीनं आज ड्रायव्हर लोकांचं शिबिर घेतलं. बॅनर – ‘ताणमुक्त चालक, सुरक्षित चालक’. शहरातून एक साहेब आला होता. डोळे मिटा म्हणे, लांब श्वास घ्या. घेतला. लाल धूळ नाकात.

मंग विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त समाधान कशात वाटते? माह्या मागच्या गाडीवरचा दसरू मडावी, एटापल्लीकडचा, कधी तोंड उघडत नाई, तो उठून म्हणे, “संडास भेटला तं.” सगळे हासले. साहेबानं टाळ्या वाजवल्या. त्याले वाटलं गंमत केली.

गंमत नव्हती. एवढ्या गाड्यायसाठी एक संडास नाई. झाडीत जावं तं लाइन सरकते अन् पाळी जाते. म्हणून दसरू दिवसभर पाणीच पेत नाई. त्यानं मले सांगतलं होतं हे. मी हासलो नाई.

५ एप्रिल, शनिवार

गावाकडं, मूलले घरी आलो. कुकरची शिटी वाजली अन् मी बायकोवर, वंदनावर ओरडलो. शिटीवर ओरडलो खरं तं. पोरीनं टीव्ही बंद केला, आत जाऊन बसली. दुपारी वंदनानं हाताले धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

बीपी वाढला. डॉक्टरीणबाई नवीन हाय, बोलाले चांगली. मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या, रोज चाला, झोप पुरी घ्या. मी विचारलं, पाणी पिऊन जाऊ कुठी? तिनं गोळ्या लिहिल्या. मंग म्हणे, राग आला की लिहून काढत जा, मी बी लिहिते.

लिहून राह्यलो. राग कमी तं काही झाला नाई.

९ एप्रिल, बुधवार

गाडीत नवा कॅमेरा बसवला. तोंडासमोर. डोळे मिटले की कोकलते. शिंकलो तरी कोकलते. मंग सुपरवायझर काळेचा फोन – झोपलता का?

झोपलो नव्हतो. झोप भेटते कुठी? लाइनीत दिवस दिवस ठेवता तेव्हा नाई कोणी कॅमेऱ्यात पाहत, हा माणूस झोपला का, जेवला का. गाडी हालली की माहे डोळे पाहता.

कापडानं झाकून टाकावं वाटते. नोकरी जाईन.

११ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर लिहून राह्यलो, अक्षर कसंबी येईन.

दुपारी लाइनीतच होतो. आरशात दिसलं, दसरू गाडीतून उतरला अन् चाकापाशी खाली बसला. गेलो. घामानं निथळून राह्यला होता, तोंड राखेवानी. म्हणे पित्त झालं. डावा हात चोळत होता. पित्तात हात कायले दुखते?

ॲम्ब्युलन्स बोलावली. आली बी. पण एका बाजूनं आमची लाइन, दुसरीकडून भरलेल्या गाड्या उतरून राह्यल्या. ती दूर फाट्यावरच अटकली. तिचा आवाज ऐकू येत होता, दिसत नव्हती. समोरच्या ड्रायव्हरनं गाडी पुढं घेऊन मले जागा करून दिली. माही गाडी रिकामी होती. दोघातिघांनी दसरूले माह्या केबिनमध्ये चढवलं. गाडी कडेच्या नालीतून काढली, शेतातून फाट्यावर.

कॅमेरा सारखा कोकलत होता, कारण मी रस्ता सोडून दसरूकडं पाहत होतो. त्यात काळेचा फोन. “लाइन काऊन सोडली?” सांगतलं, माणूस मरून राह्यला. म्हणे, ॲम्ब्युलन्स आहे ना त्यासाठी. फोन खाली फेकला.

फाट्यावर ॲम्ब्युलन्सवाल्यायनं घेतलं. मी बी बसलो सोबत. चंद्रपूरच्या दवाखान्यात हाय आता. जिता हाय.

१२ एप्रिल, शनिवार

दसरूची बायको सोमीबाई पहिल्या गाडीनं आली. मोहफुलं वेचता वेचता निरोप भेटला म्हणे, तशीच निघाली. कोणाले काही विचारलं नाई. त्याच्या पायाले हात लावून बसून राह्यली.

डॉक्टरनं सांगतलं, आणखी थोडा उशीर झाला असता तं वाचला नसता.

दसरूनं डोळे उघडले. पहिला शब्द, “माही गाडी कुठी हाय?” मी त्याच्यावरच चिडलो. दवाखान्यात, खाटेवरच्या माणसावर. गाडी गेली खड्ड्यात म्हटलं. सोमीबाईनं वर पाह्यलं फक्त. बाहेर येऊन पायरीवर बसलो.

कोणावर चिडाचं ते समजत नाई. जो समोर असते त्याच्यावर निघते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. किती वर्षांनी या दिवशी घरी. कारण चांगलं नाई – काल काळेनं गाडीची चाबी घेतली. लाइन मोडली, केबिनमध्ये बाहेरचा माणूस बसवला, गाडी सोडून गेला. दसरू बाहेरचा माणूस!

सकाळी विहारात गेलो. वंदना पांढऱ्या साडीत. पोरीनं भाषण दिलं, मधात अटकली, पाणी पेली अन् पुन्हा सुरू केलं. तेवढा वेळ डोकं शांत होतं.

रॅलीत होतो तेव्हा काळेचा फोन. आवाज एकदम गोड. “विलासभाऊ, गुरुवारी मोठे साहेब येऊन राह्यले चौकशीले. तुम्ही एवढंच म्हणा, मडावी सकाळपासून मोहाची दारू घेऊन होता. चाबी लगेच देतो.”

दसरूले मी कितीक वर्षांपासून ओळखतो. थेंब लावत नाई. पण आडनाव मडावी म्हटलं की या लोकायले मोहाचाच वास येते. आमच्या आडनावाले बी कायचा वास येते, तेही मले माहीत हाय.

डीजे वाजत होता म्हणून मी काय बोल्लो ते लोकायले ऐकू गेलं नाई. बरं झालं.

१६ एप्रिल, बुधवार

वंदनाले सांगतलं. मले वाटलं ती म्हणेन, म्हणून टाका, घर चालवाचं हाय. तसं म्हटली असती तं मले तिच्यावर ओरडता आलं असतं.

ती तांदूळ निवडत होती. म्हणे, “खोटं बोलून गाडी आणसान, तं त्या गाडीत बसता येईन का तुम्हाले?”

तरी ओरडलोच. मंग तळ्याकडं, बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो. पाणी आटलं, म्हशी चिखलात लोळून राह्यल्या. त्यायच्याकडं पाहत उन्हं उतरेपर्यंत बसलो.

१७ एप्रिल, गुरुवार

बसवलं. चौकशीच्या खोलीत गार हवा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. मोठे साहेब हळू बोलतात. मडावीनं त्या दिवशी काय घेतलं होतं, विचारलं. काळे माह्याकडं पाहून राह्यला.

ओरडाचं नाई असं ठरवून गेलो होतो. ओरडलो नाई. म्हटलं, “काहीच पेला नव्हता साहेब. पाणी बी नाई.”

साहेब म्हणे, म्हणजे?

मंग सारं सांगतलं. लाइन, ऊन, संडास, झाडी, अटकलेली ॲम्ब्युलन्स. कॅमेऱ्यात माहे डोळे दिसले असतीन, तं बाजूचा दसरू बी दिसला असन, ते काढून पाहा म्हटलं. खिडकीबाहेर दुसरे ड्रायव्हर उभे होते. साहेबानं काहीतरी लिहिलं. मले बाहेर बसा म्हणे. बसलो. शेवटी शिपाई आला – तुम्ही जा, कळवतील.

काळे गाडीत बसताना हासला. तो हासला तेव्हा मुठी आवळल्या. खिशातच ठेवल्या.

२१ एप्रिल, सोमवार

चार दिवस फोन नाई. आज दुपारी आला. काळे नाई, ऑफिसातला दुसराच कोणी. उद्या गेटवर या. चाबी देता का हिशोब करता, विचारलं. “या तुम्ही,” एवढंच.

दसरू गावी गेला. जड गाडी आता कधीच नाई, असं डॉक्टरनं सांगतलं. फोनवर म्हणे, वाकलं की दम लागते.

संध्याकाळी लाइनीतल्या ड्रायव्हरायचा फोन. उद्या तुले आत घेतलं नाई तं आम्ही गाड्या बंद ठेवतो म्हणे. मी भडकलो. तुमच्या घरी लेकरं नाईत का, माह्यासाठी कायले मरता?

त्यातला एक म्हणे, “तुह्यासाठी कोण म्हणते?”

वंदना शर्ट इस्त्री करून राह्यली. कोणता घालू, मी विचारत नाई, तीच काढते. सकाळची पहिली एसटी धरतो.